तालमीत बक्षीस नसतं

“तालमीत बक्षीस नसतं!” उजवा हात पाठीमागे लपवून आमच्या शेजारचे काका असं म्हणायचे आणि पन्नाशी उलटलेला मी त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तोंड पाडून उभा राहायचो. खरंच वाईट वाटायचं हो. हसू नका.

तरुणपणी काका लांज्याकडच्या त्यांच्या मूळ गावी, उत्सवातल्या नाटकांना विंगेतून प्रॉम्प्टिंग करायचे. स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही, पण तालमीशिवाय काही करायचं म्हणजे त्यांना पाप वाटे. नातवंडं पुण्याला. अर्णव थोरला, सानवी धाकटी. शिमगा आटोपला की त्यांच्या मे महिन्याच्या सुट्टीचा ‘विषय’ ठरायचा. एका वर्षी खलाशी, एका वर्षी आंबा, एका वर्षी भुतं. विषयाला धरून खेळ काकांचे आणि खाणं काकूंचं. भुतांच्या वर्षी काकू मला आमसुलाचं सार वाढून “घ्या, रक्त घ्या” म्हणाल्या, आणि मग स्वतःच देवाला हात जोडून आल्या.

पहिली सुट्टी, खलाशांची, तेवढी तालमीविना झाली. मुलं आली होती. शेवटच्या दिवशी खजिन्याचा शोध. बक्षीस म्हणजे काकांनी करवंटीची केलेली होडी, तिला काकूंच्या जुन्या खणाचं शीड. लपवण्याच्या उत्साहात काका इतक्या जागा बदलत गेले की शेवटची जागाच विसरले! खळं, विहीर, माळा, सगळं पालथं घातलं. निघायची वेळ झाली आणि सानवी रडत गाडीत बसली. होडी पुढे पावसाळ्यात लाकडांच्या खोपीत सापडली, शीड उंदरांनी कुरतडलेलं. काकांनी नवं शीड लावलं. “पोरीचं बक्षीस राहिलं हो माझ्याकडे,” ते मला किती वेळा म्हणाले असतील.

तेव्हापासून तालीम सुरू झाली. पात्रं कोण? मीच.

“भाऊ, आज तुम्ही सानवी. अर्णव उद्या.”

पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा तो रुंद वाळका देठ, तिच्यावर मला बसवून काका खळ्यात ओढायचे. मी काही अंगाने कमी नाही. ओटीवरून काकू ओरडायच्या, “अहो, भाऊंच्या गुडघ्यांचं बघा जरा!”

“सानवीचे गुडघे कशास दुखतील?” धापा टाकत काका म्हणायचे.

मग खजिना. पहिली खूण रहाटाला, दुसरी फणसाला, आणि शेवटी गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, चिऱ्यांमधली एक फट. तिच्यात हात घालायचा. फट रिकामी. होडी धरलेला काकांचा हात पाठीमागे आणि तेच वाक्य.

तालीम दरवर्षी झाली. प्रयोग काही झाला नाही. एकदा मुलांचं शिबिर, एकदा पोहण्याचा क्लास, एकदा परदेशाची सहल. काकांचा मुलगा वाईट नव्हता. “बाबा, तुम्हीच या ना इकडे,” म्हणायचा. “येईन रे, पण समुद्र कशात भरून आणू?” काका हसून म्हणायचे आणि फोन ठेवला की उगाच रहाटाला तेल घालत बसायचे. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग यायचा. आणि खरं सांगू? मीही त्या तालमींची वाट बघायचो. बायको गेल्यावर मला तरी घरात कोण हाक मारणार होतं?

गेल्या वर्षीही फोन आला. “यंदाही जमत नाही.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गडग्यापलीकडून हाक आली, “भाऊ, या!”

मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. गेलो. विरी नव्हती, काका नुसते काठीवर टेकून उभे होते. रहाट झाला, फणस झाला. सवयीने फटीत हात घातला आणि बोटांना करवंटी लागली.

“काका, हे सानवीचं आहे.”

“असू दे. घ्या.”

“अहो, तालमीत बक्षीस नसतं ना?”

“आजची तालीम नव्हती, भाऊ,” काका म्हणाले आणि ओटीच्या पायऱ्या चढून आत गेले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

गणपती झाले आणि काका गेले. तेव्हा आली सगळी. दहाव्या दिवशी पाहिलं तर सानवी गडग्यापाशी एकटीच उभी. उंच झाली होती. होडी मी तिच्या हातात दिली. “आजोबांनी ठेवली होती,” एवढंच म्हणालो. तिने ती छातीशी धरली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. माझा राग तिथेच संपला.

काकूंना ते पुण्याला घेऊन गेले. यंदाच्या मेमध्ये मी कुलूप बघायला म्हणून त्यांच्या खळ्यात गेलो. रहाटापाशी थांबलो, फणसापाशी थांबलो, फटीत हात घातला. मग हात तसाच आत ठेवून बराच वेळ उभा राहिलो. मागून कोणी काही म्हणालं नाही.