बेल्ट तुटला, तरी एसी गार

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आमच्या उपनिरीक्षक मॅडमना मनातल्या मनात सलाम ठोकतो.

पाण्याच्या मोटारी भरलेला पिकअप धुळ्याहून पहूरकडे निघाला होता. ड्रायव्हरने फिर्याद दिली, "बेल्ट तुटला. पहूरला हमालाला गाडीजवळ बसवून मेकॅनिक आणायला गेलो. परत येतो तर माल गायब, हमालही गायब." पाठोपाठ निनावी फोन आला की माल हमालानेच पळवला. पिंपळनेरकडच्या त्या हमालाला आम्ही ताब्यात घेतलं.

"त्यानी माले एरंडोललेच उतारी दिधं, साहेब. पहूर मी दखं बी नही," ड्रायव्हरने आपल्याला एरंडोललाच उतरवलं, एवढंच तो सांगे. ठाण्याबाहेर ओट्यावर त्याची बायको बसून होती. चोर म्हणून नाव झालं तर नवऱ्याला पुन्हा कोणी कामावर घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मॅडमनी ड्रायव्हरला चहा पाजला. "पोहोचायला फार उशीर झाला हो, भाऊ?"

"बेल्ट एरंडोल सोडताच तुटला ना, मॅडम. हळूहळू पहूरपर्यंत आणली."

"एवढ्या उन्हात हाल झाले असतील."

"छे! एसी चालू होता, आत गारेगार."

मॅडमनी त्याला आवारात नेऊन पिकअपचं बॉनेट उघडलं. "इंजिनाच्या खालच्या पुलीवरून एकच बेल्ट फिरतो. पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर, सगळे याच्यावरच. तो सैल पडू नये म्हणून ही स्प्रिंगची पुली त्याला दाबून धरते. बेल्ट गेला की एसी लगेच बंद, स्टिअरिंग जड, पाणी फिरेना म्हणून इंजिन थोड्याच वेळात उकळतं. मग तुमचा एसी कशावर चालला, भाऊ?"

फिर्यादीबरोबर जमा केलेला बेल्ट त्यांनी पुढे धरला. झिजून तुटलेल्या बेल्टचे धागे लोंबतात. हा सुरीने सरळ कापलेला होता. ड्रायव्हरने सगळं कबूल केलं. माल वाटेतच मेहुण्याच्या गोदामात उतरवला होता. उशीर त्यामुळेच झालेला. फोनही मेहुण्याचाच.

खोटं बोलणारा मुख्य गोष्ट घोटून पाठ करतो, पण तिला जोडून आणखी काय काय बंद पडतं, हे विसरतो. हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. काय बाई होती!

हमालाला सोडलं. स्टँडवर पोहोचवायला आमची जीप निघाली, तर तो सवयीने मागे चढायला लागला. "माले मांगेच बसानी सवय शे," तो म्हणाला.

मॅडमनी पुढचं दार उघडलं. "आज पुढे बसा, भाऊ. वहिनींनाही घ्या."