भांडायला आलात? टाळ धरा

खोळ घातलेल्या बाजाच्या पेटीला चौरंग समजून मी तिच्यावर बसलो, तशी ती कण्हली.

"बसा, बसा, काळी दोनचा सूर लागला!" आमच्या भजनी मंडळाचे फूलवाले काका म्हणाले.

काकांच्या पिशवीत टाळांचा एक जोड कायम जादा असे. कुणी भांडायला आलं की ते टाळ त्याच्या हातात देत. "एवढं धरा, मग बोलू."

महापालिकेचं सभागृह फक्त लग्नांना उघडे, म्हणून आमचं गुरुवारचं भजन त्याच्या पायरीवर चाले. एकदा नगरसेवक आम्हाला उठवायला आले. काकांनी त्यांना टाळ दिले.

"साहेब, नळ दिला, गटार दिलं, गाण्याला बी छप्पर द्या की. हे बी लोकांचंच काम हाय."

साहेब आरतीपर्यंत टाळ वाजवत राहिले. पुढच्या गुरुवारी सभागृह आमच्यासाठी उघडलं.

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "बरं झालं, आत खुर्च्या आहेत. पेटीचा जीव वाचला."