पडद्यावरची शाब्बासकी

त्या शाळेत लहान वर्गांना बाई एकच होत्या, पण पोरं घरी सांगायची, आम्हाला दोन बाई आहेत. एक खऱ्या आणि एक टीव्हीतल्या.

दोघी एकाच खोलीत शिकवायच्या. खिडकीकडे दुसरीचा वर्ग, दाराकडे पहिलीचा, मधे आडवं लावलेलं लोखंडी कपाट. पूर्वी खोल्याही दोन होत्या आणि बाईही खरोखरच्या दोन. एकीची बदली झाली, दुसऱ्या खोलीचं छत गळू लागलं. नवीन शिक्षक येणार होते. येणार, येणार, असं हेडसर इतके दिवस म्हणत राहिले, की पोरं आपसात एखादी अशक्य गोष्ट सांगायची झाली की म्हणत, "हो, नवीन सर आल्यावर."

पहिलीला वाचायला-लिहायला बाई स्वतः शिकवायच्या. तेवढ्या वेळात दुसरी आपापलं लिहीत बसे. पण गणिताला दोन्ही वर्गांना बाई हव्या असायच्या. काही काळ त्यांनी कपाटाच्या या बाजूकडून त्या बाजूकडे धावून पाहिलं. इकडे आलं की तिकडे मारामारी, तिकडे गेलं की इकडे रडारड. मग शाळेला कुणीतरी टीव्ही भेट दिला. ऑनलाइन गणिताचे धडे हवे तेवढे मिळत होते. बाईंनी ते लावून पाहिले. रंगीत हत्ती यायचे, नाचायचे, उत्तर स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. पोरं हत्ती बघायची आणि गणित हत्तीवर सोडून द्यायची.

"तूच कर ना मग," बाईंचे मिस्टर म्हणाले. त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढायच्या, हा त्यांचा धंदा. "तुझी एक कॉपी काढू. पाठपोट."

"पोट राहू द्या. चेहरा नीट आला तरी पुष्कळ."

स्वयंपाकघरात उजेड चांगला यायचा. फोन कुकरला टेकवून उभा करायचा, फोनच्या मागे मिस्टरांनी स्टुलावर बसायचं. पहिल्या धड्यात बाईंचं डोकंच चौकटीत आलं नाही. दुसऱ्यात शेजाऱ्यांचा मिक्सर आला. तिसरा झकास झाला, पण बघताना बाईंच्या लक्षात आलं, आपण उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं बोलतोय. समोर पोरं नाहीत हे ऐकूनच कळतंय.

मग त्यांनी युक्ती केली. त्या प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. "तीन बटणं इकडे, दोन बटणं तिकडे. किती झाली?" असं म्हणून गप्प. समोर मिस्टर बोटं वर करायचे. पाच. बाईंचा चेहरा खुलायचा. मान हलवून त्या म्हणायच्या, "शाब्बास! अगदी बरोबर!"

ती शाब्बास खोटी नव्हती. समोरच्या माणसाने खरंच बरोबर उत्तर दिलेलं असायचं.

शाळेत या धड्यांनी जादू केली. टीव्हीतल्या बाई विचारायच्या, थांबायच्या, पोरं ओरडून उत्तर द्यायची, आणि त्या शाब्बास म्हणायच्या. कपाटापलीकडून दुसरीला हातचे शिकवता शिकवता बाईंना स्वतःचा आवाज ऐकू यायचा, मग पोरांचा गलका, मग पुन्हा स्वतःचीच शाब्बास. हेडसरांना इतकं आवडलं, की त्यांनी ते धडे आसपासच्या शाळांना पाठवले. त्या शाळांकडून आणखी धड्यांची मागणी आली. बाई वरवर म्हणायच्या, "कसलं काय, कुकरपुढची शाळा." आतून मूठभर मांस चढायचं.

पहिलीत एक मुलगी होती. तिचा आवाज असा, की सगळे तिला घंटी म्हणत. वर्गात सगळ्यांत बारीक, बसायची टीव्हीच्या अगदी पुढ्यात, आणि टीव्हीतल्या बाईंचा प्रश्न संपायच्या आत हिचं उत्तर तयार. तिची आई लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. शाळा सुटल्यावर न्यायला यायची तेव्हा हातांना गरम कापडाचा वास असायचा. घंटी तिला फाटकातूनच ओरडून सांगायची, "आई, आज पण मला शाब्बास!"

बेरीज चालली होती तोवर ते खरंही होतं.

वजाबाकी सुरू होऊन काही दिवस झाले असतील. गणिताच्या तासाला वीज गेली. टीव्हीतल्या बाई तोंड अर्धं उघडं ठेवून नाहीशा झाल्या. खऱ्या बाई कपाटाला वळसा घालून पहिलीपुढे आल्या आणि तिथूनच पुढे शिकवू लागल्या.

"नऊ फुगे होते. चार फुटले. किती राहिले?"

घंटी उभी. "तेरा!"

बाईंना वाटलं, घाईत बोलली. "नीट ऐक. चार फुटले, फट्‌ करून. मग?"

"तेरा!" आणखी जोरात.

"अगं, फुगे फुटल्यावर वाढतात का?"

वर्ग हसला. दुसरीतली पोरंही कपाटाआडून माना काढून हसली. घंटीला काय चाललंय ते कळेना. "तेराच," ती म्हणाली. "काल पण मी तेरा म्हटलं. तुम्ही शाब्बास म्हणालात. रोज म्हणता."

आणि बाईही हसल्या. वाईट हेतूने नाही. शिणलेलं माणूस अचानक काही गमतीदार ऐकून हसतं, तसं. पण हसल्या.

घंटी खाली बसली. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली.

आधी बाईंना वाटलं, राग आहे, जाईल. पोरांचे राग जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाहीत. हा टिकला. हजेरीला ती नुसता हात वर करी. वाचायला उठवलं की पुस्तकाकडे बघत उभी राही. तोंडाला कुलूप. गणिताला मात्र टीव्हीपुढे बसून ओठ हलवी, अगदी हळू, एकट्या टीव्हीतल्या बाईंनाच ऐकू जाईल असं. टीव्हीतल्या बाई शाब्बास म्हणाल्या की खऱ्या बाईंकडे एकदा वळून बघे.

ते बघणं बाईंना सहन होईना. आपल्याच तोंडाची सवत आपणच घरात आणली, असं त्यांना झालं.

मग एका संध्याकाळी घंटीची आई फाटकात रेंगाळली. "तक्रार नाही बाई माझी," ती म्हणाली. "पण पोरीने विचारलं, त्याचं उत्तर मला देता येईना. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

"काय विचारलं?"

"ती म्हणते, दोन बाईंपैकी एक खोटं बोलते. कोणती, ते सांग."

"बघते मी," एवढंच बाई म्हणाल्या.

घरी गेल्यावर त्यांनी वजाबाकीचा धडा लावला. समोर बसलेल्या मिस्टरांची बोटं चित्रात कुठेच नव्हती. होता फक्त आपला चेहरा, कौतुकाने फुललेला, समोर कोण आहे आणि काय म्हणतंय याची पर्वा नसलेला. प्रत्येक शाब्बास जो पहिला भेटेल त्याच्या पदरात पडणारी.

"एवढं काय त्यात," मिस्टर म्हणाले. "शाब्बास काढून टाक. पुन्हा रेकॉर्ड करू. बसतो मी स्टुलावर."

"तुम्ही बसू नका. तुम्ही बसलात म्हणून तर झालं."

"वा! गणित बरोबर आलं, हा माझा गुन्हा?"

"हो," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

नवे धडे त्यांनी रिकाम्या स्टुलापुढे केले. प्रश्न, मग थांबणं, मग, "आता बटणं मांडून मोजून बघा." शाब्बास नाही. खुललेला चेहरा नाही. हिशोबाने चोख धडा. तो लावला आणि पोरं चुळबुळू लागली. हेडसर दारातून डोकावले. "बाई, बरं वाटत नव्हतं का रेकॉर्ड करताना?" नवे धडे पाठवल्यावर दोन शाळांनी जुनेच हवेत म्हणून कळवलं होतं, तेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

बाईंचं लक्ष घंटीकडे होतं. तिने ओठ हलवले. वाट पाहिली. टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, मोजून बघा. घंटीने पुन्हा उत्तर दिलं, या वेळी जरा मोठ्याने. पुन्हा तेच. ती शेजारच्या मुलाला म्हणाली, "आता त्या पण रागावल्या माझ्यावर."

कितीतरी दिवसांनी तिचं वाक्य वर्गात ऐकू आलं होतं, आणि ते हे.

शाळा सुटायच्या आधीच बाईंनी तिच्या आईला निरोप पाठवला, की थोड्या उशिरा या. शाळा सुटली, खोली रिकामी झाली. बाईंनी जुना धडा लावला, चपला काढल्या आणि फरशीवर घंटीच्या शेजारी, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या. गुडघे कुरकुरले. घंटी थोडी सरकली. जवळ नाही, लांब.

टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, "नऊ फुगे होते. चार फुटले. किती राहिले?"

खऱ्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "शंभर!"

"शाब्बास! अगदी बरोबर!" टीव्हीतल्या बाई म्हणाल्या.

घंटीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सहा पक्षी होते. दोन उडाले. किती राहिले?"

"घोडा!" बाई म्हणाल्या.

"शाब्बास! अगदी बरोबर!"

घंटीच्या नाकातून हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला. पुढचा प्रश्न आला, तेव्हा हात काढून ती स्वतःच ओरडली, जुन्या आवाजात, खिडकीची काच वाजेल अशी. "माकड!"

"शाब्बास!"

"बटाटा!"

"शाब्बास! अगदी बरोबर!"

दोघी हसून हसून वाकल्या. बाईंचा चष्मा घसरला. धडा संपून पडदा थांबला, तरी घंटी हसत होती. मग हळूहळू थांबली.

"त्यांना ऐकू येत नाही?"

"नाही गं. तिथे कोणी नाहीच. तो माझा फोटो आहे, बोलणारा. मी घरी बोलत होते ना, तेव्हा समोर आमच्या घरचे काका बसले होते. ते बोटांनी उत्तर दाखवायचे. मी त्यांना शाब्बास म्हणत होते."

घंटीने फरशीची एक फट बोटाने गिरवली.

"मग मला कोण म्हणत होतं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. मीच म्हणत होते, मनातून, असं काहीतरी. आजवर पोरांना त्यांनी अशा कितीतरी गोड गोष्टी सांगितल्या होत्या. पण दोन बाईंपैकी एक खोटं बोलते, हे आता पोरीला माहीत होतं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"बेरजेला पण?"

"बेरीज तुझी बरोबर होती. पण ती मी ऐकली नाही. आणि त्या दिवशी मी हसले, ते चुकलंच माझं."

घंटी रडली नाही. आई फाटकात दिसली तशी उठली आणि चालू लागली. त्या दिवशी तिने फाटकातून काही ओरडून सांगितलं नाही. बाई फरशीवरच बसून राहिल्या. खरं बोलून आपण पोरीचं उरलंसुरलंही काढून घेतलं, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर जुनाच धडा लागला आणि घंटी बटणांची वाटी घेऊन कपाटाला वळसा घालून आली. दुसरीचा तास चालू होता. ती सरळ बाईंपुढे उभी राहिली. "बाई, ऐका. सातातून तीन गेले. चार."

"बरोबर."

ती गेली. लगेच तिच्या मागून दुसरा आला. मग तिसरी. टीव्हीतल्या बाई रिकाम्या जागेला शाब्बासक्या वाटत राहिल्या आणि सगळी पहिली खऱ्या बाईंपुढे वाट्या घेऊन गर्दी करून उभी. "बाई माझं ऐका." "बाई, हा ढकलतोय." दुसरीतल्या एका शहाण्याने विचारलं, "बाई, मग आम्ही घरी जाऊ?"

"कुठे जातोस? तू तिकडे जा," बाई म्हणाल्या. तोंडातून निघालं आणि मग त्यांना ते पटलं. "जा, टीव्हीपाशी बस. पहिलीतलं कोणी उत्तर दिलं की ऐकायचं. बरोबर असेल तर बरोबर म्हणायचं, नसेल तर सांगायचं, पुन्हा बटणं मांड. स्वतः उत्तर फोडायचं नाही."

तेव्हापासून प्रश्नापाशी टीव्ही थांबवायचा आणि दुसरीतल्या पोरांनी आळीपाळीने ऐकायला बसायचं, असं ठरलं. हेडसरांनी डोळे बारीक केले. "टीव्ही असून पुन्हा माणसं लागणारच असतील, तर बाई…"

"लागणार, सर. इतर शाळांनाही तसं कळवा. धड्यासमोर एक ऐकणारा बसवा म्हणावं. नाहीतर धडा पाठवू नका."

"आणि दुसरीचा अभ्यास?"

"त्या चुका ऐकून ऐकून त्यांचीच वजाबाकी पक्की होतेय. विचारा हवं तर."

हेडसरांनी विचारलं नाही. कळवलं मात्र.

घंटीचं गणित रातोरात सुधारलं वगैरे नाही. ती अजून अडखळे. आणि अवघड काही आलं की ऐकणाऱ्या पोराला बाजूला सारून ती वाटी घेऊन थेट बाईंकडे येई. परवाही आली. दुसरीला पाढे चालले होते.

"पंधरातून आठ गेले. आठ राहिले."

"नाही," बाई म्हणाल्या.

दुसरीतल्या पोरांचे पाढे थांबले. घंटीने भुवया आवळून वाटीत पाहिलं, मग बाईंकडे.

"किती ते सांगू नका," तिने बजावलं, आणि तिथेच, बाईंच्या पायापाशी बसकण मारून फरशीवर बटणं ओतली.

बाईंनी पाय जरा मागे घेतले, आणि पाढे पुढे चालू केले.