पोलाद इतके हलके नसते

मनोहर सेलोकर गेल्याचे मला त्याच्या मुलाने, नितीनने, फोनवर कळवले. रविवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते. "काका, बाबा गेले. मी चहा ठेवायला आत गेलो, वापस येऊन पाहतो तं... बसल्या बसल्याच. टेप चालूच होता. मी बंद केला." मी 'येतो' म्हणालो आणि फोन ठेवला. त्याच्या बोलण्यातले शेवटचे तीन शब्द मला तेव्हा खटकले नाहीत. खटकायला सात आठवडे लागले.

तेराव्यानंतर भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात शोकसभा झाली. एका वक्त्याने सांगितले की मनोहरराव भजनांचे मोठे रसिक होते आणि त्यांच्याकडे परदेशातून आलेल्या दुर्मिळ भजनांचा संग्रह होता. समोरच्या माना आदराने हलल्या. मी उठून बाहेर आलो. ज्या माणसाबरोबर या लोकांनी अर्धे आयुष्य पोलाद कारखान्याच्या एका वसाहतीत काढले, तो दर रविवारी काय ऐकत होता हे विचारण्याची तसदी त्यांच्यापैकी एकानेही घेतली नव्हती. मेल्यावर मात्र सर्वांना तो ठाऊक होता.

भजनाची कथा मनोहरनेच रचलेली. इंग्लंडमधल्या एका जुन्या रॉक बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे तो जमवत असे. कारखान्यात यंत्र बसवायला आलेला एक परदेशी अभियंता जाताना त्याला एक कॅसेट देऊन गेला. ती कोणा श्रोत्याने गर्दीत उभे राहून भरलेली होती आणि तिच्या वेष्टनावर एक पत्ता होता. साकोलीकडच्या खेड्यातून आलेल्या, भट्टीवर नमुने काढणाऱ्या या माणसाने शब्दकोश समोर ठेवून त्या पत्त्यावर इंग्रजीत पत्र लिहिले. उत्तर आले. पुढे तो रिकाम्या कॅसेटी पाठवी आणि तिकडचे लोक त्या भरून परत पाठवत. पोस्टातल्या बाबूने एकदा विचारले, "सेलोकर, दर महिन्याला काय मागवता हो?" "भजन." "विलायतेहून?" "तिकडे भाविक बहुत आहेत." हा विनोद होता. चाळीस वर्षांनी तो श्रद्धांजलीत वापरला गेला.

बँडचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यानेही ते कुठे लिहिले नव्हते. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाला आमच्याकडे 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटला क्रमांक असतो, तिचा नमुना काढतात, तो तपासतात आणि नोंद ठेवतात. मनोहर प्रत्येक कार्यक्रमाला हीट नंबर देई. कॅसेटच्या पाठीवर क्रमांक, गाव आणि शिफ्ट... दुपारचा कार्यक्रम असेल तर दुपारपाळीसारखी 'बी'. मी तपासणी विभागात होतो. त्याने काढलेल्या नमुन्यांची नोंद माझ्या टेबलावर येई आणि मी तिच्यातल्या चुका तांबड्या शाईने दाखवी. म्हणून तो मला मास्तर म्हणत असे. माझा वाद एकच होता, आणि तो मी अनेक वर्षे घातला : एकच गाणे तीस वेळा कशासाठी ऐकायचे?

"मास्तर, तू तीस वर्षं एकच पोलाद कावून तपासून राहिला बे?"

"प्रत्येक हीट वेगळी असते म्हणून."

"मंग?"

त्याच्या मते दुकानात मिळणारी रेकॉर्ड म्हणजे कापून, घासून, शिक्का मारून पाठवलेला माल होता. त्याला भट्टीच्या तोंडाशी उभे राहायचे होते. त्याची सर्वांत आवडती हीट अशी होती की गाणे ऐन भरात असताना गिटारवाल्याची तार तुटते. बाकीचे वादक एकेक करून थांबतात, ढोलवाला मात्र थांबत नाही. दुसरी तार चढेपर्यंत तो एकटा ठेका धरून राहतो, आणि सगळे पुन्हा येऊन मिळतात तेव्हा ठेका तिळभरही सरकलेला नसतो. "पाह्य, पाह्य आता," मनोहर माझा दंड धरून म्हणत असे, "त्यानं जागा सोडली नाई. हे कंपनीच्या रेकॉर्डात भेटन काय तुले?" भट्टीवर ज्याने उभी हयात काढली त्याला जागा न सोडण्याचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मीच तो त्याच्याकडून शिकलो, आणि तसे त्याला कधी म्हणालो नाही.

त्याची आणखी एक सवय मला जाचत असे. कार्यक्रम संपला, टाळ्या ओसरल्या की माझा हात बटणाकडे जाई. तो मनगट धरी. "राहू दे. लोकं अजून घरी गेले नाईत." मग आम्ही दोघे बसून राहत असू... खुर्च्या सरकल्याचे आवाज, कोणाची तरी शिट्टी, एक बाई कोणाला तरी हाक मारते, कोणी खोकते, आणि शेवटी खट् करून फीत थांबते. ज्या गावांना तो कधी गेला नाही, तिथल्या लोकांना दर रविवारी घरी पोचवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "झालं, गेले," तो म्हणे आणि उठे.

मागल्या उन्हाळ्यात तो माझ्या जुनवानी भागातल्या घरी आला. हातात एकच कॅसेट. "तार तुटलेली हीट आहे. तुझ्यापाशी ठेव. तार कितव्या मिनिटाले तुटते, तपासून सांग." माझ्याकडे यंत्र नाही, असे मी म्हणालो. "मंग ये ना घरी." मी कॅसेट चष्म्याच्या खणात ठेवली. नंतर त्याने तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी 'पाहतो' म्हणालो. गुडघे दुखतात, ऊन फार आहे, अशी कारणे मला तेव्हा पुरेशी वाटत होती.

आता मुख्य गोष्ट. वहिनी पूर्वीच गेल्या होत्या आणि नितीन रिसालीत स्वतःच्या घरात राहतो. मनोहरचे सेक्टरमधले क्वार्टर रिकामे करून कारखान्याच्या ताब्यात द्यायचे होते. त्या गडबडीत नितीनचा मला फोन आला. "काका, बाबांच्या कपाटात सॅम्पलचे डबे आहेत, मतलब प्लांटवाले, पट्टी लावून पॅक. वरती हीट नंबर लिहिले आहेत. उनका क्या करना है?" मी एका वाक्यात निकाल दिला. "प्लांटचे आहे ते प्लांटला परत दे. एवढ्यासाठी फोन कशाला?"

त्याने परत दिले. खात्यातल्या कोणी तरी वरचे लिखाण वाचून म्हटले, "पुराना सॅम्पल है, स्क्रॅप में डलवा दो." आमच्याकडे जुने नमुने फेकून देत नाहीत, ते पुन्हा भट्टीत जातात. डबे भंगाराबरोबर गेले. मोडीत निघालेल्या त्या पत्र्याच्या डब्यांत मनोहरने धूळ आणि ओल लागू नये म्हणून कडेने पट्टी मारून आपल्या साऱ्या हीट, म्हणजे कॅसेटी, ठेवल्या होत्या. ज्या क्रमांकांनी त्याने त्या जपल्या, त्याच क्रमांकांनी त्या भट्टीपर्यंत नेल्या.

मला हे कळले तेव्हा मी नितीनला जे बोललो ते छापण्याजोगे नाही. त्याने सांगितले की आजकाल सगळे मोबाइलवर मिळते. मिळत असेलही. त्यावर मी त्याला विचारले, तुझ्या बापाच्या हातचे अक्षर मिळते का? त्याचे डबे तू स्वतः उचललेस, जिन्यावरून खाली आणलेस, गाडीत ठेवलेस. पोलाद इतके हलके असते का? भिलाईत जन्मलेल्या मुलाला हातातले वजन कळू नये? मी फोन आपटला आणि पुढे तीन आठवडे त्याचा फोन घेतला नाही.

त्या तीन आठवड्यांत हिशेब माझ्यापर्यंत आला. नितीनने डबे उघडले नाहीत हे खरे. पण मनोहरचे हीट नंबर म्हणजे काय, हे या गावात दोनच माणसांना माहीत होते. एक गेला होता आणि दुसऱ्याला नितीनने फोन केला होता. 'मतलब प्लांटवाले' या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदीतल्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या, त्याने नमुना न पाहता निकाल दिला. वजन माझ्या हातात नव्हते, हे माझे समर्थन होऊ शकत नाही.

गेल्या रविवारी सकाळी नितीन माझ्या फाटकाशी उभा होता. काखेत बापाचा टेप. "काका, हे तेवढं राहिलं होतं. इथेच ठेवून जाऊ का?" त्याला बहुधा वाटले होते की मी दार उघडणार नाही. "आत ये," मी म्हणालो आणि चष्म्याच्या खणातून कॅसेट काढली. पाठीवर मनोहरचे अक्षर होते. नितीनने ते पाहिले आणि टेपची वायर लावली. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तार एकविसाव्या मिनिटाला तुटते. मी नोंद केली. ढोलवाल्याने जागा सोडली नाही.

शेवटचे गाणे संपले. टाळ्या पडल्या, ओसरल्या. नितीनने बटणाकडे हात नेला, त्या रविवारी नेला असेल तसाच. मी त्याचे मनगट धरले.

"राहू दे," मी म्हणालो. "लोकं अजून घरी गेले नाईत."