आत्याबाईंचं जपानी वांगं

आमच्या ह्यांच्या आत्याबाईंइतकं अस्वस्थ माणूस सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरं नसेल, आणि असलंच तर ते त्यांच्याच माहेरचं असेल. वडूजला त्यांचं घर आहे, पण त्या घरात कुणाला कधी सापडत नाहीत. रिकाम्या एसटीतही उभ्याच राहतात, कंडक्टर बसा म्हणाला तर विचारतात, "बसल्यावर गाडी लवकर पोचती व्हय?" लग्नाच्या पंगतीत पहिला भात संपायच्या आत उठून त्याच वाढायला लागतात. एकदा साताऱ्याला आमच्याकडे आल्या, तर माझा चहा उकळेपर्यंत त्यांनी मांडणीवरचे सगळे डबे पुसून नव्यानं लावले. साखर सापडायला मला दुसरा दिवस उजाडला. तोवर आम्ही गुळाचा चहा प्यालो.

मोठ्या गोष्टींचा निकाल मात्र त्या वांग्यावर लावतात. घरातल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेल्या की बाहेरच्या खोलीत टेकायच्या नाहीत, थेट स्वयंपाकघरात शिरायच्या आणि वांग्याची भाजी मागायच्या. विट्याचं एक अक्षरशः सोन्यासारखं स्थळ, मुलाचं चेन्नईला सोनं गाळण्याचं दुकान, पण त्यांनी ते एका घासात मोडलं. "वरनं शिजलंय, आतनं कच्चं हाय. घाईचं घर हाय ह्ये." घाईची तक्रार त्यांनी करावी, याचं आम्हाला परतीच्या वाटेवर हसू आवरेना.

गेल्या वर्षी त्यांची नात कोमल, नर्सिंग झाल्यावर, आमच्याकडे राहून जपानी शिकत होती. तिला तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी लागली. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. तिचे वडील, म्हणजे आत्याबाईंचा मुलगा, फौजेत, लांब सीमेवर, ते फोनवर एवढंच म्हणाले, "आई म्हणंल तसं." शनिवारी सकाळी आत्याबाई पिशवीभर वांगी घेऊन आमच्या दारात हजर.

"त्या देशात वांगं मिळतंय का?" चपला काढता काढताच त्यांनी नातीला विचारलं.

"मिळतंय की, आज्जी."

"मग करून दाव. त्येंच्यावानी."

कोमलनं मोबाइलवर दाखवलं. वांग्याचे उभे दोन भाग करायचे, त्यावर सुरीनं आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, तव्यावर तेलात पालथे घालून मऊ करायचे, मग सोया सॉस, साखर आणि आल्याचा चकचकीत पाक चढवायचा, वरून तीळ. आत्याबाईंना हे पटेना. "कूट न्हाई? कांदा-लसूण मसाला न्हाई? मग खायाचं काय त्यात?" तरी उलथनं त्यांनीच घेतलं. वांगं तव्यावर पडलं रे पडलं की त्या ते उलटत, दाबत, पुन्हा उलटत. पहिल्या घाण्याचं भरीत झालं. दुसऱ्याला त्यांनी गॅस मोठा केला. पाकाची चिक्की झाली आणि घरभर धूर. ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत त्या म्हणत होत्या, "लय खोडीचं वांगं हाय. असल्या देशात पोरीचं कसं व्हायाचं?"

शेवटी कोमलनं त्यांच्या हातातलं उलथनं हळूच काढून घेतलं. "आज्जी, आता तू हात लावू नगंस. त्याचं त्याला होऊ दे." आवाज जराही चढला नव्हता. गॅस बारीक करून ती तव्यापाशी उभी राहिली, पाच मिनिटं, सात मिनिटं. आत्याबाईंचं वांग्याकडे लक्षच नव्हतं. त्या नातीकडे बघत होत्या.

वांगं ताटलीत आलं, काळंभोर, लकाकणारं, कुठेही न मोडलेलं. आत्याबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा. "गोड हाय. मिळमिळीत बी हाय. पर आतपातूर शिजलंय." पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "बापाला फोन लाव. म्हणावं, आज्जी जा म्हणाली."

कोमल फोन घेऊन अंगणात पळाली. आत्याबाईंनी करपलेला तवा घासायला घेतला. मी म्हटलं, "आत्याबाई, राहू द्या, मी घासते." त्या पाठमोऱ्याच बोलल्या, "दोन डाव बिघडलं, मला वाटलं, ऱ्हातीया पोरगी. तिसरं बी बिघडाय पायजे हुतं गं."

मी तव्यावर नळ सोडला.

कोमल जाऊन आता आठ महिने झाले. अधूनमधून दुपारी बाराच्या सुमाराला आत्याबाईंचा मला फोन येतो.

"तिकडं आता किती वाजलं असत्याल गं?"

"साडेतीन."

"मग जेवली आसंल," म्हणतात, आणि फोन ठेवून देतात.