आतोबा आणि येणारी आवृत्ती

ब्राउझरच्या येणाऱ्या आवृत्तीत नवीन काय आहे, हे घरात लग्न ठरल्याच्या आनंदाने वाचणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा आहे. तुमच्या-माझ्याकडे नवीन आवृत्ती गुपचूप येते, एखाद्या सकाळी एखादं बटण जागेवर सापडत नाही, आपण दोन शिव्या घालतो आणि कामाला लागतो. आमच्या आतोबांना मात्र ते बटण कुठून कुठे जाणार हे आधीपासून ठाऊक असतं आणि काल्हेरच्या नाक्यावर उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ही बातमी देतात. ऐकणारा ट्रक ड्रायव्हर असला तर हिंदीत देतात. "टॅब अब खडे आनेवाले है, बाजूसे. समझा?" ड्रायव्हर बिचारा मान डोलावतो आणि गोदामाचा रस्ता विचारतो.

आतोबांच्या भाताच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्यांच्या वयाचे बाकीचे राजकारणात गेले, आतोबा संगणकावर बसले. आत्या म्हणते, "बरा झाला. निदान घरात आठ-आठ कप चाय तरी न्हाय करावा लागत." त्यांचा ब्राउझरसुद्धा साधा नाही. लोकांना द्यायच्या आधी चाचणीसाठी काढतात ती कच्ची आवृत्ती ते वापरतात. ती दिवसाआड बंद पडते. मग आतोबा कंपनीला मराठीत तक्रार लिहितात, वर 'सा. न. वि. वि.' घालतात आणि खाली घरच्यांना नमस्कार सांगायला विसरत नाहीत.

नवीन सोय नुसती वाचून त्यांचं पोट भरत नाही, ती संसारात आणावी लागते. टॅबचे रंगीत गट करता येणार असं वाचलं, त्याच सुमारास त्यांच्या पुतण्याची हळद होती. आतोबांनी मांडवातल्या खुर्च्यांना रंगीत फिती बांधल्या. हिरवी म्हणजे शाकाहारी, पिवळी म्हणजे वज्रेश्वरीकडचे पाहुणे आणि लाल म्हणजे रुसलेले. रुसलेल्यांना एका ठिकाणी बसवलं की समजूत काढायला सोपं, हा त्यातला विचार. लाल फीत बघून जे रुसले नव्हते तेही रुसले आणि लाल गटाला खुर्च्या कमी पडल्या. पुढे लांबलचक पानाचा चार ओळींत सारांश मिळण्याची सोय आली, तेव्हा त्यांनी सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाच सारांश मागितला. भटजींनी एकदा आतोबांकडे पाहिलं, एकदा दक्षिणेच्या ताटाकडे पाहिलं, आणि सारांशाची लागण तिकडे होऊ नये म्हणून पाचही अध्याय सावकाश सांगितले. खासगी खिडकीत केलेल्या गोष्टीची नोंद राहत नाही हे कळल्यावर त्यांनी माडीवरच्या खिडकीत उभं राहून जिलेबी खायला सुरुवात केली होती. रक्ताच्या तपासणीत सगळी नोंद सापडली.

असं असूनही एक बटण आतोबांनी आयुष्यात दाबलेलं नाही. टॅब बंद करायची फुली. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हा आपल्याकडचा रिवाज ते पडद्यावरही पाळतात. एखादं पान वाचून झालं की "येतो हां" म्हणतात आणि दुसरं उघडतात. आता परत येतो म्हटल्यावर मागे दार लावून घेणं बरं दिसत नाही. त्यामुळे त्यांच्या पडद्यावर टॅबची अशी दाटी झालेली असते की त्यातून वाट काढताना बाण हरवतो. बराच वेळ हात न लागलेले टॅब ब्राउझर झोपवून ठेवतो. नाव तेवढं वर दिसत राहतं, आतलं पान जिथल्या तिथे थांबतं.

आणि अशात कच्च्या आवृत्तीच्या माहितीत एक ओळ आली: बरेच दिवस न उघडलेले टॅब यापुढे आपोआप बंद होतील. आतोबांनी मला ऑफिसात फोन केला. "बाला, ह्या टायमाची आवृत्ती न्हाय घ्यायची." मी पोचलो तेव्हा त्यांनी इंटरनेटची वायर उपटून उशाखाली ठेवली होती. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "दोन दिस सारखं माझ्याशीच बोलतान. मना भ्या वाटतं."

भानगड एका टॅबची होती. कामतघरच्या एका लूमच्या कारखान्यात उत्तरेकडचे एक मुकादम होते. ड्युटी सुटली की ते आतोबांकडे बुद्धिबळ खेळायला यायचे आणि दोघं एकमेकांवर चाली चोरल्याचा आरोप करत संध्याकाळ काढायचे. कारखाना बंद पडला, मुकादम गावी निघाले. "जाता हूँ, भाऊ," म्हणाले. आतोबांनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "जाता हूँ न्हाय बोलनेका. आता हूँ बोलो." मुकादम हसून "आता हूँ, भाऊ" म्हणाले आणि गेले. मग मीच दोघांना इंटरनेटवर डाव लावून दिला, वेळेचं बंधन नसलेला. काही महिने बरा चालला. नंतर आतोबांच्या टॅबच्या नावात 'समोरच्याची चाल' हे शब्द आले ते तसेच राहिले. आतोबा रोज ते वाचायचे, पण टॅब उघडायचे नाहीत.

"अहो, एकदा उघडा ना. उघडला की तो बंद होणार नाही," मी म्हटलं.

"न्हाय. मी उघडला का त्याच्याकडं माझ्या नावापुढं हिरवा दिवा लागंल. त्याला वाटंल मीच वाट बघतंय."

"मग बघताय ना वाट?"

"ती त्याला कशाला कळाया पायजे? चाल त्याची हाय."

"निदान फोन तरी करा."

"चाल त्याची हाय," आतोबा पुन्हा म्हणाले आणि उशीवर हात ठेवून बसले.

शेवटी आत्या भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. तिने नवऱ्याला उठवलं, उशी उचलली, वायर जागेवर लावली आणि पडद्याजवळ वाकून मला विचारलं, "कंचा? ह्यो?" मी हो म्हणायच्या आत तिने संगणकाच्या उंदरावर बोट दाबलं. पान जागं झालं, ताजा पट समोर आला आणि वरचे शब्द बदलले. 'तुमची चाल.' मुकादमांनी त्यांची चाल कधीच खेळून ठेवली होती. झोपलेल्या टॅबला ते कळलं नव्हतं, आणि टॅबच्या मालकालाही.

आतोबा खुर्चीत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे त्यो तिकडं माझ्यावर रुसून बसला असंल." रुसलेल्यांना लाल फीत बांधणाऱ्या या माणसाचं एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा आलं नाही.

मी पटाकडे पाहिलं. आतोबांनी वजीर एक घर सरकवला असता तर मुकादमांच्या राजाला पळायला जागा नव्हती. "आतोबा, जिंकलात की," मी म्हटलं. आतोबांना ते माझ्याआधी दिसलं होतं. त्यांनी वजिराला हात लावला नाही. कोपऱ्यातलं एक निरुपयोगी प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

"जिंकून काय करू?" ते म्हणाले. "डाव संपला का त्यो परत कशाला येल?"

वर पुन्हा 'समोरच्याची चाल' आलं. मुकादमांच्या नावापुढचा दिवा विझलेलाच होता. आत्या पीठ लागलेला उंदीर पदराने पुसत राहिली. सवयीने आतोबा पडद्याकडे बघून "येतो हां" म्हणाले, पण त्या पानावरून हलले नाहीत.