कॅप्टनच्या चिठ्ठीतलं नाव

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात आम्ही आठ खेळाडू होतो, आणि नववे आमचे कॅप्टन. जोड्या लावायच्या होत्या. आमच्या सामन्यात दोघांत एकच चेंडू असतो, आळीपाळीने मारायचा. म्हणून कॅप्टन कुणाचा फटका किती लांब जातो हे विचारतच नाहीत. प्रत्येकाला चिठ्ठी देऊन म्हणतात, "ज्यानं चेंडू झाडीत घातला तरी तुम्हाला राग येणार नाही, त्याचं नाव लिहा." चिठ्ठ्या वाचून जोड्या मात्र स्वतः ठरवतात.

सहा वर्षं मी त्यांचंच नाव लिहिलं. जोडीदारानं कितीही वाकडा मारला तरी ते इथल्या हिंदी बोलीत म्हणायचे, "होता है भिया, ढूंढ लेंगे," आणि चालू लागायचे. माझ्या वाकड्या फटक्यानंतर एकदा ते मला ऐकायचं होतं. पण दरवर्षी मला कुणीतरी तापट जोडीदार मिळायचा, आणि त्यांनाही.

यंदा गुडघ्यामुळे ते खेळणार नव्हते. माझ्या वाट्याला पलासिया भागातले तापट डॉक्टर आले. मी कॅप्टनना विचारलं, "साहेब, तुम्ही कुणाचं नाव लिहायचात?"

"तुमचंच," चष्मा पुसत ते म्हणाले. "पण थंड डोक्याचे आपण दोघंच. एका जोडीत गेलो असतो तर या लोकांना सांभाळलं कुणी असतं?"

सरावाला डॉक्टरांनी पहिलाच चेंडू झाडीत घातला आणि स्टिक आपटली. मी व्हरांड्याकडे पाहिलं. कॅप्टन खुर्चीतून उठून उभे होते.

"होता है भिया," मी डॉक्टरांना म्हणालो, "ढूंढ लेंगे."